'लिबेरदादे' नावाची होडी

दोस्तांनो, कवितेवर बोल म्हणून मला उभं केलंत, पण मी एका होडीवर बोलणार आहे. गोदीतल्या माणसाकडून दुसरं काय ऐकणार तुम्ही?

१८८७ च्या अखेरीस ब्राझीलच्या परानाग्वा खाडीत जोशुआ स्लोकम या अमेरिकन कप्तानाचं जहाज वाळूच्या दांड्यावर चढलं आणि मोडलं. विमा नव्हता. मोडकं जहाज विकून त्यानं आधी खलाशांचे पगार भागवले. (हे मुद्दाम सांगतोय. आमच्याकडे ठेकेदाराचं जहाज कधी बुडत नाही, पगार तेवढा बुडतो.)

परका किनारा. सोबत बायको, सोळा वर्षांचा व्हिक्टर, सात वर्षांचा गारफील्ड. बापलेकांनी कुऱ्हाड, वाकस, दोन करवती असल्या हत्यारांवर पस्तीस फुटी होडी बांधली. शिडं बायकोनं शिवली. व्हिक्टर सुतार, दोर वळणारा आणि पडेल त्या कामाचा गडी. १३ मे १८८८ ला होडी पाण्यात उतरली. त्याच दिवशी ब्राझीलमध्ये गुलामी कायद्यानं संपली, म्हणून नाव ठेवलं 'लिबेरदादे'. म्हणजे स्वातंत्र्य.

आणि त्याच्या दोनच दिवस आधी, ११ मेला, आमच्या गोदीला लागून असलेल्या मांडवीच्या कोळीवाड्यात लोकांनी जोतिबांना 'महात्मा' म्हटलं. ज्या जोतिबांनी १८७३ ची 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना सोडवणाऱ्यांना अर्पण केली, त्यांना.

२४ जूनला होडी निघाली. सुरुवातीलाच वादळानं शिडांच्या चिंध्या केल्या. एका आगबोटीनं दोर टाकून रिओपर्यंत ओढत नेलं. नवी शिडं चढवून पुन्हा खुला समुद्र. २७ डिसेंबरला वॉशिंग्टन. साडेपाच हजार मैल! सोळा वर्षांच्या पोरावर बापानं केवढा भरवसा टाकला असेल. मला व्हिक्टरचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू?

पण त्याच किनाऱ्यावर त्या दिवशी आणखी बाप होते, आणखी सोळा वर्षांची पोरं होती. सुमारे सात लाख माणसं सुटली. जमीन नाही, पैसा नाही, हत्यार नाही. होडीवर त्यांचं स्वातंत्र्य रंगवलं होतं, आत बसायला जागा मात्र त्यांना नव्हती. स्लोकमला मी शिव्या देत नाही. त्यानं नाव तरी ठेवलं. पण त्या सुटलेल्या बापानं त्या रात्री आपल्या पोराच्या हातात काय दिलं असेल, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

माझ्या आबानं मला गोणी ओढायचा आकडा दिला. मॅट्रिकचा निकाल लागला त्याच आठवड्यात. देताना बोलला, "मूठ पुसून घे, घामानं सटकतो." जन्मभर धक्क्यावर राबला, पण बोटीतून कधी गेला नाही.

व्हिक्टरनं पुढं बापाचं चरित्र लिहिलं, ते १९५० साली निघालं. मी पण आबावर लिहायला घेतलंय. चार पानं झाली, परवा वाचून दाखवली. तो म्हणाला, "आकडा आला का त्यात?"

आला, आबा. पहिल्याच ओळीत.