कॉलेज गावातच, मग हॉस्टेल कशाला?

(गणेशोत्सवातील पालक-विद्यार्थी कार्यक्रमात केलेले भाषण)



मी पांढुर्ण्याकडचा. डिप्लोमाला हॉस्टेलमध्ये राहिलो, कारण दुसरा मार्गच नव्हता. तुमच्या मुलांचं घर कोलार रोडला आणि कॉलेजही भोपाळातच. म्हणून पालक विचारतात, घर असताना हॉस्टेलचे पैसे कशाला भरायचे?

मी सरकारी खात्यात उपयंत्री. मोजमाप घेतल्याशिवाय बिलावर सही करायची सवय नाही. म्हणून आधी मोजू या. मॅनिट मिळालं तर प्रश्न सोपा आहे, ते आपल्याला जवळ. पण आरजीपीव्ही गांधीनगरला, एअरपोर्टच्या बाजूला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. जायला दीड तास, यायला दीड तास धरा. वर्षाला 200 दिवस कॉलेज धरलं, तर 600 तास झाले. म्हणजे अखंड 25 दिवस आणि 25 रात्री रस्त्यावर! हॉस्टेलच्या पावतीशेजारी हा आकडा कुणी लिहीत नाही.

शिवाय घरी राहणारा मुलगा घरचाच असतो. गॅसचं सिलिंडर, आजोबांचा दवाखाना, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं, सगळं त्याच्याकडे. त्यात वाईट काही नाही. पण परीक्षेच्या आठवड्यातही तेच चालणार असेल, तर घरी राहून अभ्यास चांगला होतो हे म्हणणं सोडून द्या.

आणि एक स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आपल्याकडे मुलाला हॉस्टेल आणि मुलीला घर, असं न बोलताच ठरलेलं असतं. काळजी मला समजते, मलाही मुलगी आहे. पण संध्याकाळचं प्रॅक्टिकल संपवून तीन ठिकाणी गाडी बदलत अंधारात येणारी मुलगी जास्त सुरक्षित, की कॉलेजच्या आवारातच राहणारी? वॉर्डन कोण, गेट किती वाजता बंद होतं, मेसमध्ये जेवण कसं, हे स्वतः जाऊन बघा आणि मग ठरवा.

आपल्या समाजाला वसतिगृह नवीन नाही. शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात बोर्डिंग सुरू केलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. परक्या मुलाबरोबर खोली वाटून घेणं, त्याच्याशी भांडून पुन्हा बोलणं, हे आईच्या हातचं खाऊन शिकता येत नाही. (आईच्या हातचं सोडवत नाही, तेही खरं. रविवारी डबा पोहोचवा!)

माझा हिशेब असा. एका बाजूचा प्रवास पाऊण तासाच्या आत असेल तर घर, तासाच्या वर असेल तर हॉस्टेल. मधल्यांनी पहिलं सेमिस्टर घरून करून बघावं. पैशाची ओढ असेल तर कॉलेजजवळ दोघा-तिघांत खोली घ्यावी. एकच लक्षात ठेवा, बऱ्याच हॉस्टेलांत बाहेरगावच्या मुलांना आधी जागा देतात. तेव्हा भोपाळच्या मुलांना जागा मिळते का, हे प्रवेशाच्या दिवशीच खिडकीवर विचारा.