वैद्यकीय प्रवेश मिळाला नाही तर : डिंडोलीतील मराठी कुटुंबांसाठी काही विचार

(भाषणाचा मजकूर)



खानदेशातून उधना-जळगाव लोहमार्गाने सुरतेकडे येणाऱ्या प्रवाशाला शहराच्या वेशीवर डिंडोली, लिंबायत आणि उधना हा परिसर लागतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे पोटापाण्यासाठी येथे आली आणि येथेच स्थिरावली. कोणी यंत्रमागावर काम केले, कोणी रंगाई-छपाईच्या गिरणीत, तर घरातील स्त्रियांनी साड्यांना टिकल्या आणि लेस लावून संसाराला हातभार लावला. या घरांत आजही अहिराणी बोलली जाते आणि गावाकडचे शेत, मग ते दोन बिघे का असेना, हा कुटुंबाचा शेवटचा आधार मानला जातो. अशा घरातील मुलगा किंवा मुलगी बारावीला जीवशास्त्र घेते, तेव्हा परीक्षेला ते मूल एकटे बसत नाही, त्याच्याबरोबर सारे घर बसते. म्हणूनच प्रवेशाच्या यादीत नाव आले नाही, तर सारे घरच नापास झाल्यासारखे वाटू लागते. हा समज दूर करणे आणि पुढील मार्गांचा शांतपणे विचार करणे, हा या भाषणाचा हेतू आहे.

अपयश की जागांची टंचाई?

प्रथम आकडे पाहणे इष्ट ठरेल. सन २०२५ मध्ये 'नीट' ही राष्ट्रीय प्रवेश परीक्षा सुमारे २२ लाख ९ हजार विद्यार्थ्यांनी दिली. त्यांपैकी सुमारे १२ लाख ३६ हजार पात्र ठरले. देशातील एम.बी.बी.एस.च्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास आहेत आणि त्यांपैकी सुमारे निम्म्याच शासकीय महाविद्यालयांत, म्हणजे सामान्य कुटुंबाला परवडणाऱ्या शुल्काच्या आहेत. याचा अर्थ असा की पात्र ठरलेल्या दर दहा विद्यार्थ्यांमागे जेमतेम एक जागा आहे. उरलेल्या नऊ जणांत बुद्धी नाही, असे कोणीही विचारी माणूस म्हणणार नाही.

येथे 'पात्र' या शब्दाचाही उलगडा करणे आवश्यक आहे. त्या वर्षी खुल्या वर्गासाठी पात्रतेची मर्यादा ७२० पैकी १४४ गुणांची होती. एवढ्या गुणांवर शासकीय महाविद्यालयात प्रवेश मिळत नाही. अनेक घरांत 'मुलगा पास झाला' म्हणून पेढे वाटले जातात आणि पुढे दोन महिन्यांनी निराशा पदरी येते, त्याचे कारण हा गैरसमज होय.

दहावी-बारावी कोठे झाली, हा पहिला प्रश्न

शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय पातळीवर भरल्या जातात आणि उरलेल्या ८५ टक्के त्या त्या राज्याच्या असतात. धुळे, जळगाव आणि नंदुरबार येथे आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. 'आपले गाव तिकडे, तेव्हा तिकडची जागा आपली' असे डिंडोलीतील अनेक पालकांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु महाराष्ट्राच्या वाट्याच्या जागांसाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा सर्वसाधारणपणे महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. सातबाऱ्यावरील नाव येथे उपयोगी पडत नाही. सुरतेत शिकलेल्या मुलाचा हक्क गुजरातच्या जागांवर आहे. सुरतेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि महानगरपालिकेचे 'स्मीमेर' ही त्याची जवळची दारे आहेत.

यातूनच एक धोका उद्भवतो. दहावी सुरतेत करून अकरावी-बारावीसाठी मुलाला लातूरला अथवा काकांच्या गावी पाठविण्याचा विचार काही घरांत होतो. असे केल्यास महाराष्ट्राच्या जागांचे दार उघडत नाही आणि गुजरातचे नियमही शाळेचे ठिकाण पाहत असल्याने तेथील हक्कही अडचणीत येऊ शकतो. मुलाला बाहेर पाठविण्यापूर्वी दोन्ही राज्यांच्या प्रवेशनियमांची पुस्तिका वाचणे, हे शिकवणीचे शुल्क भरण्याइतकेच महत्त्वाचे आहे. जातीच्या दाखल्याबाबतही हीच दक्षता हवी. एका राज्यातील अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, स्थलांतरानंतर दुसऱ्या राज्याच्या राखीव जागांसाठी चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच स्पष्ट केले आहे.

पुन्हा परीक्षा द्यावी काय?

परीक्षा पुन्हा देण्यास आज कायद्याची अडचण नाही. प्रयत्नांच्या संख्येला बंधन नाही आणि कमाल वयाची अटही २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली. परंतु परवानगी आहे म्हणून ते करावेच, असे नव्हे. आपल्या प्रवर्गात राज्यातील शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला आणि आपल्या मुलाचे गुण किती, यातील अंतर कागदावर मांडावे. अंतर थोडे असेल आणि गुण कोठे गेले हे नेमके सांगता येत असेल, तर एक वर्ष देणे योग्य ठरते. अंतर मोठे असेल आणि कारण सांगता येत नसेल, तर केवळ 'नशिबाने साथ दिली नाही' एवढ्या आधारावर वर्ष खर्ची घालणे हितावह नाही.

डिंडोलीतील मुलांच्या बाबतीत एक कारण विशेष तपासावे, ते म्हणजे भाषा. घरी अहिराणी, महानगरपालिकेच्या शाळेत मराठी, भोवताली गुजराती आणि हिंदी आणि विज्ञानाची पुस्तके इंग्रजीत, असा अनेकांचा प्रवास असतो. 'नीट'ची प्रश्नपत्रिका मराठीत उपलब्ध आहे, परंतु ती महाराष्ट्रातील केंद्रांवर मिळते. गुजरातमधील केंद्रांवर इंग्रजी, हिंदी आणि गुजराती हे पर्याय असतात. विषय समजला, पण प्रश्नाचा शब्द अडला, अशी स्थिती असेल तर तो दोष एका वर्षात दूर करता येण्याजोगा आहे. मात्र दुसऱ्या प्रयत्नाच्या आरंभीच, हा प्रयत्न शेवटचा की नाही, हे घरात सर्वांनी मिळून ठरवावे. ठरविलेली मर्यादा मुलाला धीर देते, न संपणारी प्रतीक्षा त्याला खचविते.

आरोग्यसेवेची इतर दारे

सप्टेंबर १९९४ मधील प्लेगची साथ सुरतकर विसरलेले नाहीत. त्या दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले आणि अनेक खाजगी दवाखान्यांना कुलपे लागली. रुग्ण बरे केले ते रुग्णालयांत थांबलेल्या डॉक्टरांनी आणि त्यांच्याबरोबर थांबलेल्या परिचारिकांनी. पुढे शहर सुधारले ते झाडू मारणाऱ्या कामगारांमुळे, गटारांच्या व पाण्याच्या व्यवस्थेमुळे आणि १९९५ पासून महानगरपालिकेने राबविलेल्या कडक शिस्तीमुळे. स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये इंदूरच्या बरोबरीने सुरतेला देशात पहिला क्रमांक मिळाला. आरोग्य ही केवळ डॉक्टरांच्या हातची गोष्ट नाही, याचा याहून जवळचा पुरावा डिंडोलीकरांना कोणता हवा?

ज्यांना रुग्णावर उपचारच करावयाचे आहेत, त्यांच्यासाठी दंतवैद्यक, आयुर्वेद आणि होमिओपॅथी हे पदवी अभ्यासक्रम आहेत. त्यांनाही 'नीट'ची पात्रता लागते, परंतु प्रवेशाचे गुण एम.बी.बी.एस.हून खाली येतात. मात्र 'एम.बी.बी.एस. नाही म्हणून आयुर्वेद' अशा नाखुशीने हा मार्ग धरू नये. साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची आंतरवासिता त्या शास्त्राविषयी आस्था असल्याशिवाय पार पडत नाही.

परिचर्येचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आणि तीन वर्षांची पदविका यांकडे आपल्या समाजात अजूनही दुय्यम दृष्टीने पाहिले जाते. रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनाने विसाव्या शतकाच्या आरंभी ससून रुग्णालयात स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण देण्याची सोय केली, तेव्हाही लोकांनी नाके मुरडलीच होती. आज प्रशिक्षित परिचारिकेला शासकीय सेवेत, खाजगी रुग्णालयांत आणि परदेशांतही मागणी आहे. हे शिक्षण मुलांनाही खुले आहे, हे येथे मुद्दाम सांगावयास हवे.

औषधनिर्माणशास्त्राची चार वर्षांची पदवी अथवा दोन वर्षांची पदविका घेणाऱ्यास औषध दुकानापासून कारखान्यापर्यंत वाव आहे. गुजरात हे औषधनिर्मितीत आघाडीवर असलेले राज्य असल्याने येथील मुलांना तर हे क्षेत्र घराजवळचे आहे. पदवीच्या प्रवेशासाठी गुजरातमध्ये 'गुजकेट' परीक्षेचे गुण धरले जातात, म्हणून 'नीट'च्या नादात त्या परीक्षेचा अर्ज भरण्याचे राहून जाऊ नये. याखेरीज भौतिकोपचार, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, क्ष-किरण तंत्रज्ञान, दृष्टितपासणी आणि शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञान असे अनेक अभ्यासक्रम आहेत. या व्यवसायांचे शिक्षण आणि नोंदणी यांना एकसूत्रीपणा यावा यासाठी संसदेने २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा केला आहे. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला मान्यता आहे किंवा नाही, हे अवश्य पाहावे. गल्लोगल्ली मिळणाऱ्या सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रांवर शासकीय नोकरी मिळत नाही.

जीवशास्त्राचा उपयोग रुग्णालयाबाहेरही आहे. सुरतेजवळच नवसारी कृषी विद्यापीठ आहे. ज्यांच्या आजोबांनी कापूस आणि केळी पिकविली, त्या मुलांना कृषिशास्त्र परके नाही. गावाकडच्या त्या दोन बिघ्यांना नवे ज्ञान मिळाले, तर ते शेत विकण्याची वेळ टळू शकेल.

शेत विकण्यापूर्वी

निकालानंतरच्या आठवड्यांत डिंडोलीतील घरांचे दार दोन प्रकारचे लोक ठोठावतात. पहिला म्हणतो, 'पैसे द्या, जागा राखून देतो.' आज एम.बी.बी.एस.ची कोणतीही जागा, खाजगी अथवा अभिमत महाविद्यालयातीलसुद्धा, 'नीट'च्या गुणवत्तेवर आणि अधिकृत प्रवेशफेरीतूनच भरली जाते. तेव्हा राखून ठेवण्यास त्याच्या हाती काही नसते. २०२४ साली गोध्रा येथील परीक्षा केंद्रावर, उत्तरे कोरी सोडा, ती नंतर भरली जातील, असे सांगून विद्यार्थ्यांकडून पैसे घेतल्याच्या आरोपावरून गुन्हा नोंदविला गेला आणि तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. अशा व्यवहारात पैसा तर जातोच, शिवाय मूल आरोपीच्या रांगेत उभे राहते.

दुसरा परदेशी शिक्षणाचा दलाल. परदेशी शिक्षण बेकायदेशीर नाही, परंतु त्याच्या अटी दलाल सांगत नाही. २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता हवी आणि त्या देशात व्यवसाय करण्याचा परवाना मिळण्याजोगी ती पदवी हवी. 'नीट'ची पात्रता तर हवीच. मायदेशी परतल्यावर ३०० गुणांच्या चाळणी परीक्षेत १५० गुण मिळवावे लागतात आणि त्यात उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण बहुतेक सत्रांत निम्म्याहून बरेच कमी राहिले आहे. त्यानंतर येथे आणखी एक वर्षाची आंतरवासिता करावी लागते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले, तेव्हा आपल्या हजारो विद्यार्थ्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले, हेही स्मरणात असावे. एवढे सर्व जाणून, हिशेब मांडून जो निर्णय घेतला जाईल तो घ्यावा. परंतु शेताच्या विक्रीखतावर सही करण्यापूर्वी तो हिशेब व्हावा, नंतर नव्हे.

पैशाअभावी मात्र योग्य मार्ग सोडू नये. गुजरात शासनाची मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना, बारावीत ८० पर्सेंटाइल मिळविणाऱ्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असणाऱ्या विद्यार्थ्यांना शुल्कासाठी साहाय्य देते. बँकांच्या साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जासाठी केंद्र शासनाची हमी योजनाही आहे.

घरातील शब्द

सुरतेचे नाव एका मराठी स्त्री-डॉक्टरच्या जीवनाशीही निगडित आहे. डॉ. रखमाबाई यांनी लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिक्षण घेतले, व्यवसायाच्या परीक्षा स्कॉटलंडमध्ये दिल्या आणि १८९४ मध्ये ब्रुसेल्सची एम.डी. पदवी मिळविली. तत्पूर्वी बालपणी झालेल्या विवाहाविरुद्ध न्यायालयात आणि समाजात त्यांना जे सोसावे लागले, ते सर्वश्रुत आहे. परतल्यावर १८९५ पासून अनेक वर्षे त्यांनी सुरतेच्या स्त्री-रुग्णालयात सेवा केली. त्यांची वाट सरळ नव्हती, अनेक वळणांनी त्या या शहरापर्यंत पोहोचल्या.

निकालानंतरचे काही दिवस घरातील वातावरण जपणे, हे पालकांचे पहिले कर्तव्य होय. 'शेजारच्याचा लागला, तुझा नाही' हे वाक्य उच्चारावयास क्षणही लागत नाही, परंतु ते मुलाच्या मनातून वर्षानुवर्षे जात नाही. मूल बोलेनासे झाले, जेवेनासे झाले, तर १४४१६ या 'टेली-मानस'च्या विनामूल्य क्रमांकावर मदत मागण्यात कमीपणा नाही. मुलीच्या बाबतीत तर, प्रवेश हुकला म्हणून शिक्षणच थांबवून स्थळे पाहण्याची घाई कदापि होऊ नये.

गावाकडून लग्नकार्याला आलेले नातेवाईक विचारतील, 'काय भाऊ, पोरगं डॉक्टर झालं का?' त्या प्रश्नाला मान खाली न घालता उत्तर देता आले पाहिजे. 'परिचर्येला आहे', 'औषधनिर्माणाला आहे', 'प्रयोगशाळेत आहे' किंवा 'पुन्हा एकदा बसतो आहे', यांपैकी कोणतेही उत्तर अभिमानाने देण्याजोगे आहे. ज्या पिढीने गाव सोडून मागाच्या खडखडाटात आपले आयुष्य उभे केले, तिने आपल्या मुलांना एवढा धीर अवश्य द्यावा.