जुना अँप्लिफायर भंगारात देण्यापूर्वी

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण)



कमिटीने मला आवडीच्या विषयावर बोलायला सांगितले. निवृत्तीनंतर माझा बराच वेळ जुने व्हॉल्व्हचे अँप्लिफायर आणि रेडिओग्राम दुरुस्त करण्यात जातो, तेव्हा त्याबद्दलच बोलतो.

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरचा वडिलांच्या वेळचा सेट खाली येतो आणि भंगारवाला तो किलोवर घेऊन जातो. बँकेच्या पुस्तकात घसारा लावत लावत टेबल-खुर्चीची किंमत एक रुपयावर यायची, पण टेबल तेच असायचे. या सेटचेही तसेच आहे. त्यातला सर्वात महागडा भाग म्हणजे ट्रान्सफॉर्मर. तो बहुधा ठणठणीत असतो. व्हॉल्व्हसुद्धा पुष्कळदा चांगले निघतात. म्हातारे होतात ते कंडेन्सर, आणि ते बदलायला फार खर्च येत नाही.

पण एक गोष्ट कृपा करून करू नका. वीस वर्षे बंद असलेला सेट ‘बघू चालतो का’ म्हणून थेट प्लगला लावू नका. फिल्टर कंडेन्सर आतून सुकलेला असतो, शॉर्ट होतो आणि जाताना धडधाकट ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. आधी सिरीज बोर्ड वापरा. त्यात ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब हवा, एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

दुसरे, जिवाचे. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये ३०० ते ४०० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये साठून राहू शकतो. म्हणून प्लग काढायचा, दहा हजार ओहमचा, पाच-दहा वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपने लावून चार्ज उतरवायचा, मीटरने शून्य झाल्याची खात्री करायची आणि मगच हात घालायचा. हे शिकल्याशिवाय मुलांना झाकण उघडू देऊ नका.

आता दुरुस्ती. स्पीकरमधून सतत ‘घूं’ आवाज येत असेल तर संशय फिल्टर कंडेन्सरवर. नवा घालताना मायक्रोफॅरड जवळपास तेवढेच, व्होल्टेज तेवढे किंवा जास्त, आणि प्लस-मायनस नीट बघून. नंतर कपलिंगचे जुने कागदी कंडेन्सर. ते गळू लागले की आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज जाते, व्हॉल्व्हची प्लेट लाल होते आणि पुढे आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. दहा-वीस रुपयांच्या वस्तूपायी हजारोंचे नुकसान! व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर बहुधा कॉन्टॅक्ट क्लीनरने भागते. आणि स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा अँप्लिफायर कधीही चालवू नये.

काम सुरू करण्याआधी मोबाईलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा. काढलेले भाग फेकू नका, पिशवीत घालून सेटसोबतच ठेवा. पुढे हात लावणाऱ्याला त्यावरून मूळ रचना कळते. सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने व्हॉल्व्ह बनवले. जुन्या साठ्यातले अजूनही अधूनमधून सापडतात.

मंडळी, भाग मिळतात, पण माणसे मिळेनाशी झालीत. व्हॉल्व्हची सर्किट समजणारे मेकॅनिक आता सत्तरीच्या पुढे गेले. त्यांच्यानंतर हे सेट शोभेची लाकडी पेटी होऊन बसतील. आपले वालचंदनगर साखर कारखान्यांची यंत्रे आणि गिअरबॉक्स बनवणारे, इस्रोच्या रॉकेटला भाग देणारे गाव. बिघडलेली वस्तू उघडून कारण शोधणारी माणसे इथे घरोघरी आहेत. तेव्हा नव्या पिढीतल्या दोघा-तिघांनी तरी हे शिकावे. मुलींनीही यावे, सोल्डरिंगला स्थिर हात लागतो. रविवारी सकाळी दहा ते बारा माझ्या टेबलावर जागा आहे. मीटर आणि सोल्डरगन मी देतो, चहा आमच्या घरचा. आणि कोणाच्या माळ्यावर सेट असेल तर भंगारवाल्याआधी मला एक हाक मारा.