प्रकल्प फाटकाबाहेर उभा आहे

(उलवे येथे पालक आणि शिक्षकांच्या मेळाव्यात एका ज्येष्ठ पत्रकारांनी केलेले भाषण)



उलव्यासारख्या नव्या वस्तीत बोलताना श्रोत्यांत दोन प्रकारची मंडळी असतात. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या याच मातीत गेल्या ती एक, आणि मुंबईच्या उपनगरांतून चार भिंतींचे स्वतःचे घर घेण्यासाठी खाडी ओलांडून आली ती दुसरी. या दोघांचीही मुले आज एकाच गणवेशात, एकाच पिवळ्या बसमधून शाळेत जातात, आणि त्या बसवर पुष्कळदा 'इंटरनॅशनल' हा शब्द लिहिलेला असतो. आजचा विषय त्या बसमधील मुलांचा आहे.

प्रथम त्या शब्दाविषयी. नावात 'इंटरनॅशनल' असले म्हणजे अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय असतोच असे नाही. 1968 साली जिनिव्हात स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट या संस्थेचा अभ्यासक्रम निराळा, केंब्रिजचा निराळा, आणि केंद्रीय मंडळाचाच अभ्यासक्रम शिकवून पाटीवर हा शब्द मिरवणारी शाळा निराळी. पालकांनी प्रवेश घेताना एवढे तरी विचारून घ्यावे. शुल्काचा आकडा आपण विचारतोच!

या शाळांचे माहितीपत्रक उघडले की पहिल्या पानावर 'प्रकल्पाधारित शिक्षण' असते. कल्पना उत्तमच आहे, यात शंका नाही. बॅकॅलॉरिएटच्या प्राथमिक टप्प्याच्या अखेरच्या वर्षी मुले स्वतः एखादा प्रश्न निवडतात, शोध घेतात आणि सर्वांसमोर प्रदर्शन मांडतात. पुढे माध्यमिक टप्प्यात प्रत्येकाचा स्वतंत्र प्रकल्प असतो आणि पदविकेच्या पातळीवर चार हजार शब्दांपर्यंतचा शोधनिबंध. पाठांतराच्या ओझ्याखाली वाकलेल्या आपल्या परीक्षापद्धतीच्या तुलनेत हे निश्चितच मोकळे वारे आहे.

मात्र कल्पना आणि व्यवहार यांत अंतर पडते ते घरी, रात्री अकरा वाजता. उद्या प्रकल्प द्यायचा असतो. मूल झोपलेले असते. आई थर्माकोल कापत असते आणि वडील छपाईयंत्राशी झगडत असतात. (थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे, तरी पर्यावरणावरचा प्रकल्प थर्माकोलवरच होतो, ही गंमत कोणाच्या लक्षात येत नाही.) सकाळी मूल आईने केलेला ज्वालामुखी शाळेत नेते, बाई त्याला 'उत्कृष्ट' असा शेरा देतात, आणि तो शेरा खरा कोणाचा हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. आता तर यंत्रच क्षणार्धात प्रकल्पाचा संपूर्ण मजकूर लिहून देते, म्हणजे आईवडिलांचेही काम उरले नाही. मुलाच्या हाती येते ते फक्त एक चकचकीत आवरण. प्रामाणिकपणे न केलेले काम स्वतःच्या नावावर सादर करण्याचा पहिला पाठ आपण त्याला दहाव्या वर्षी देतो, याची मला अधिक चिंता वाटते.

प्रकल्प म्हणजे काय? अमेरिकेतील विल्यम किलपॅट्रिक यांनी 1918 मध्ये प्रकल्पपद्धतीवर निबंध लिहिला, त्यामागे जॉन ड्युई यांचा विचार होता. प्रकल्पात मुलाने मनापासून एखादा हेतू धरावा आणि तो तडीस न्यावा, हे त्याचे सार. मूळ मुद्दा हेतू मुलाचा असण्याचा आहे, प्रतिकृतीच्या रंगकामाचा नव्हे.

आपल्याकडे हा विचार परका होता असे मानण्याचे कारण नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची योजना पुढे आली. मातृभाषेतून, हस्तोद्योगाच्या आधाराने शिक्षण, हा तिचा गाभा. टकळीवर सूत काढता काढता गणित, भूगोल आणि इतिहास शिकवायचा होता. ती योजना सरकारी यंत्रणेत पुढे निर्जीव होत गेली, हा भाग वेगळा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत 1945 साली काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी वारली मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, असे त्यांनी ठरवले आणि कुरणशाळा उभी राहिली. पुण्यात 1962 साली अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली आणि वर्गाबाहेर पडून समाजातील प्रश्न स्वतः पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लावली. अमेरिकेतून विद्यावाचस्पती होऊन आलेले डॉ. श्रीनाथ कलबाग मोठ्या कंपनीतील संशोधनाची नोकरी सोडून 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळला गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम उभारला. तिथे शाळा सोडलेली खेडुतांची मुले वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती करत करत विज्ञान शिकली, आणि त्यांनी केलेल्या वस्तू व कामे गावकरी पैसे मोजून घेत. यापेक्षा खरी परीक्षा कोणती?

यांपैकी कोणाच्याही पाटीवर 'इंटरनॅशनल' नव्हते.

आता उलव्याकडे वळू. मुंबईतील एखादी अतिमहाग शाळा आपल्या विद्यार्थ्यांना अभ्याससहलीसाठी परदेशी नेते. उलव्यातील मुलाला त्याची आवश्यकताच नाही, कारण देशातील सर्वांत मोठ्या प्रकल्पांपैकी एक त्याच्या खिडकीतून दिसतो. 18 फेब्रुवारी 2018 रोजी ज्याची पायाभरणी झाली आणि 8 ऑक्टोबर 2025 रोजी ज्याचे उद्घाटन झाले, तो नवी मुंबईचा विमानतळ सुमारे 1160 हेक्टरांवर पसरला आहे. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. टेकडीत किती ब्रास खडक होता, तो कुठे भरला गेला, नदी आधी कोणत्या वाटेने वाहत होती, आता भरतीच्या वेळी पावसाचे पाणी कुठे साचते? चौथीतल्या मुलापासून बारावीतल्या मुलापर्यंत प्रत्येकाला आपापल्या कुवतीनुसार शोधता येईल असा हा विषय आहे. जुने नकाशे आणि उपग्रहाची छायाचित्रे शेजारी ठेवली तरी पुरे.

गणिताच्या शिक्षकांना मी एक उदाहरण सुचवतो. नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी संपादित झाल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन झाले, आणि 16 व 17 जानेवारी 1984 रोजी झालेल्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. त्या संघर्षातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. आता मुलांनी हिशेब करावा. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे 1250 चौरस मीटर. सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा जातात, म्हणजे 375 गेले. शेतकऱ्याच्या हाती राहिले 875 चौरस मीटर. चार भाऊ असतील तर प्रत्येकाचे किती? विमानतळासाठी जमीन देणाऱ्यांना साडेबावीस टक्के ठरले, तर फरक किती? टक्केवारीचा हा धडा मूल जन्मात विसरणार नाही, कारण त्याच बाकावर बसलेल्या मित्राच्या आजोबांच्या जमिनीचा तो हिशेब आहे.

आणि इथेच या वस्तीचा खरा प्रश्न आहे, असे मला वाटते. इमारतीत राहणाऱ्या मुलाला वहाळ, गव्हाण, मोरावे, न्हावा ही रिक्षाची ठिकाणे वाटतात. गावातल्या मुलाला आपल्या घरची बोली शाळेत लपवावीशी वाटते. दोघे एका वर्गात बसतात आणि एकमेकांच्या घरी जात नाहीत. विमानतळासाठी दहा गावांतील कुटुंबे उठली. त्यांतल्या एखाद्या आजीला गावाचा नकाशा काढायला सांगा. देऊळ कुठे होते, विहीर कुठे, होळी कुठे पेटायची, खाडीवर कोणत्या वाटेने जायचे. तो नकाशा संगणकात सापडत नाही, कोणतेही यंत्र तो तयार करू शकत नाही, आणि ती आजी गेल्यावर तो मिळणारही नाही. आगरी लग्नात धवलारीण जे धवले गाते, ते किती घरांत अजून गायले जातात? मिठागरातून मीठ कसे काढत? 'आगरी' या शब्दातच ते आगर आहे. खारबंदिस्तीला उघाडी कशासाठी ठेवत आणि ती भरतीला कशी मिटे? जिताडा, निवटी, चिंबोरी यांतले आता खाडीत काय मिळते? उत्तरे गावात आहेत, मात्र प्रश्न विचारण्यासाठी मराठी यावी लागेल.

म्हणून भाषेविषयी दोन शब्द. 2020 च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे अनिवार्य आहे. पुष्कळ ठिकाणी हा विषय नाइलाजाने उरकला जातो. वर्षातून एक प्रकल्प मराठीतून आणि गावात जाऊन करायचा, असे ठरवले तर अनिवार्यतेचे ओझे उरणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने, 2020 सालीच, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची सूचना केली आहे. ते दहा दिवस एखाद्या मनोरंजन उद्यानाच्या सहलीत घालवू नयेत. पनवेल तालुक्यातच शिरढोण आहे. आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म तिथला. पुण्यातील महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांत त्यांचे नाव आहे, म्हणजे बंडाआधी ते शाळा काढणारे होते. आपल्या मुलांपैकी किती जण त्यांच्या वाड्यात जाऊन आले आहेत?

शाळाचालक म्हणतील, पालकांना प्रतिकृती आणि छायाचित्रे हवी असतात. हे खरे आहे, म्हणून ही गोष्ट आपल्यापासूनच सुरू होईल. प्रकल्प ओबडधोबड झाला तरी चालेल, अक्षर वाकडे असले तरी चालेल, पण आम्ही त्याला हात लावणार नाही, असे घरोघरी ठरवावे लागेल. शिक्षकांनीही गुण देताना मुलाला समोर बसवून पाच प्रश्न विचारावेत. वही कोणी लिहिली ते तेवढ्यात कळते.

आणखी एक विनंती आहे. या वर्षीचे प्रदर्शन शाळेच्या वातानुकूलित सभागृहात भरवण्याऐवजी एखाद्या गावाच्या देवळासमोर भरवावे. परीक्षक म्हणून मिठागरात काम केलेली दोन वृद्ध माणसे, एक धवलारीण आणि विमानतळाच्या बांधकामावरील एखादा अभियंता बोलवावा. डिसेंबर-जानेवारीत हवा चांगली असते, आणि तयारीला मुलांना पूर्ण पावसाळा मिळेल. उघाडीचे काम पाहायचे तर ते भरपावसातच पाहावे लागते. जून जवळ आला की मुख्याध्यापकांशी बोलून गावांची यादी करू.