फळ्यापाशी कोण उभं राहणार?

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असणार. गावोगाव अत्याचार चालूच आहेत, शहरात पोरं डिग्र्या घेऊन नाक्यावर उभी आहेत, आणि हा गडी म्हणतो शाळेबाहेर लहान मुलांना गणित शिकवणाऱ्यांवर बोलणार! मोर्चा ही चळवळ, घेराव ही चळवळ. शिकवणी घेणं ही कुठली चळवळ? असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशीच मला आज बोलायचंय.

बाबासाहेबांच्या चरित्रातली एक गोष्ट तुम्हाला तोंडपाठ आहे. एल्फिन्स्टन हायस्कूल, मुंबई. मास्तरांनी भीमाला गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावलं आणि वर्गात एकच कल्ला झाला. सवर्ण पोरांचे जेवणाचे डबे फळ्यामागं ठेवलेले होते. भीम फळ्याजवळ गेला तर डबे बाटणार. पोरं धावली, डबे काढले, मगच भीमाच्या हातात खडू आला. ही गोष्ट आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून सांगतो, ते बरोबरच आहे. पण तिच्यातला फळाही बघा. गणित सोडवायला फळ्यापर्यंत जावं लागतं आणि फळ्याच्या वाटेवर कुणीतरी आपले डबे मांडून ठेवलेले असतात. हे डबे आता दिसत नाहीत, एवढाच फरक पडलाय.

आता थोडं लांब जाऊ. पँथर हे नाव आपण अमेरिकेतल्या काळ्या पोरांकडून घेतलं. १९६६ साली ऑकलंडला ब्लॅक पँथर निघाली, १९७२ साली मुंबईत दलित पँथर. त्यांच्या बंदुका, काळी जाकिटं, टोप्या आपल्याला ठाऊक आहेत. पण तीच पोरं १९६९ पासून पहाटे उठून शाळकरी मुलांना फुकट नाश्ता रांधून घालत होती, हे किती जणांना माहितीय? उपाशी पोटी पोराला अक्षर दिसत नाही आणि आकडा तर मुळीच दिसत नाही, हे त्यांना कळलं होतं.

मला आज ज्या माणसाबद्दल सांगायचंय तो मात्र पँथर नव्हता. त्याचं नाव बॉब मोझेस. जन्म १९३५, हार्लेम, न्यूयॉर्क. हार्वर्डला तत्त्वज्ञान शिकला, मग न्यूयॉर्कच्या एका शाळेत गणिताचा मास्तर झाला. १९६० साली दक्षिणेतली काळी पोरं गोऱ्यांच्या हॉटेलात घुसून बसायला लागली. त्यांचे फोटो बघून हा मास्तर अस्वस्थ झाला. पुढं स्टुडंट नॉनव्हायलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी या तरुणांच्या संघटनेतून तो मिसिसिपीत गेला.

मिसिसिपी म्हणजे कापसाचा मुलूख. काळी माणसं गोऱ्या मालकाचं रान अर्धेलीनं कसायची आणि वर्षाअखेर कर्जातच उरायची. हिशेबाची वही मालकाकडं! मतदार यादीत नाव घालायला कचेरीत गेलं की गोरा अधिकारी राज्यघटनेचं एखादं कलम समोर टाकायचा आणि म्हणायचा, वाच आणि अर्थ सांग. अर्थ बरोबर की चूक, ते तोच ठरवणार. हर्बर्ट ली नावाचा काळा शेतकरी मतदार नोंदणीच्या कामात होता. १९६१ साली एका गोऱ्या आमदारानं त्याला दिवसाढवळ्या गोळी घातली. आमदाराला शिक्षा झाली नाही. अशा मुलखात हा गणिताचा मास्तर दारोदार फिरत होता, मार खात होता, तुरुंगात जात होता.

१९६३ साली ग्रीनवूडच्या खटल्यात न्यायाधीशानं त्याला विचारलं, तुम्ही निरक्षर माणसांना नोंदणीला आणताच कशाला? हा प्रश्न नीट ऐका. आधी शंभर वर्षं शाळा द्यायची नाही आणि मग म्हणायचं, वाचता येत नाही म्हणून मत नाही. मोझेसचं म्हणणं होतं की ज्या राज्यानं शिकू दिलं नाही, त्याला साक्षरतेची अट घालायचा हक्कच नाही. हा डाव आपल्याला नवा नाही. आधी विहीर बंद करायची आणि मग म्हणायचं, ही घाण माणसं.

१९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत चळवळीनं चाळीसवर फ्रीडम स्कूल काढल्या. चर्चच्या तळघरात, झाडाखाली, घराच्या ओट्यावर. त्याच जूनमध्ये तीन कार्यकर्त्यांचे खून पडले, तरी शाळा भरल्या. १९६५ साली मताधिकाराचा कायदा आला. त्यानंतर व्हिएतनामच्या लढाईची सक्ती नाकारून मोझेस देश सोडून गेला. टांझानियात १९७६ पर्यंत राहिला, तिथंही गणितच शिकवलं.

आता खरी गोष्ट. १९८२ साल, केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स. त्याची पोरगी आठवीत गेली आणि शाळेत बीजगणित नाही. बीजगणित आठवीत झालं नाही तर हायस्कुलात वरच्या गणिताचं दार बंद. म्हणजे पुढं इंजिनिअरिंग बंद, विज्ञान बंद. बाप शाळेत गेला. बाई शहाण्या होत्या. म्हणाल्या, तुम्हीच या आणि तिच्याबरोबर आणखी दोनचार मुलांना शिकवा. वर्गात बसल्यावर त्याला दिसलं की मुलांची प्रतवारी आधीच लावून ठेवलीय. हुशारांच्या टेबलावर बहुतेक गोरी पोरं, ढ ठरवलेल्यांत बहुतेक काळी. चातुर्वर्ण्याला काय अमेरिकेचा व्हिसा लागत नाही.

तिथं त्याला मिसिसिपी आठवली. त्या वेळी म्हणत, या लोकांना मत नकोच आहे. आता म्हणत होते, या पोरांना गणित नकोच आहे. मोझेसनं गणित हा मताइतकाच नागरिकत्वाचा प्रश्न मानला. कारखान्याच्या काळात लिहिता-वाचता येणं जसं लागायचं, तसं कॉम्प्युटरच्या काळात बीजगणित लागणार. ते ज्याला नाही, तो नव्या जगातला अर्धेलीवाला. वही पुन्हा मालकाकडं! त्यातून निघाला 'अल्जिब्रा प्रोजेक्ट'.

या कामात शिकवायचं कुणी, हा आपल्या कामाचा प्रश्न. आसपासच्या कॉलेजांतली काळी मुलंमुली शाळा भरायच्या आधी येऊन शिकवू लागली. शनिवारी आईबापांचेही वर्ग भरले. पुढं मिसिसिपीत, जॅक्सन शहरात, मोझेस स्वतः वर्षानुवर्षं हायस्कुलात शिकवत राहिला. आणि १९९६ साली ज्या पोरांना या प्रकल्पानं शिकवलं होतं, त्यांनीच स्वतःची संघटना काढली, 'यंग पीपल्स प्रोजेक्ट'. हायस्कूल-कॉलेजातली पोरं शाळा सुटल्यावर लहान मुलांना गणित शिकवणार. त्यांना नाव दिलं 'मॅथ लिटरसी वर्कर', म्हणजे गणित-साक्षरतेचे कार्यकर्ते. ध्यानात घ्या, कार्यकर्ते. आणि या कामाचा त्यांना मोबदला मिळायचा. पंधरा-सोळा वर्षांचं गरीब पोरगं हॉटेलात कपबशा धुण्याऐवजी गणित शिकवून चार पैसे घरी नेतंय, याचा अर्थ मी तुम्हाला समजावून सांगायला नको.

त्यांचा एक खेळ आहे, फ्लॅगवे. एक आकडा घ्यायचा आणि त्याचे मूळ अवयव पाडायचे. १२ म्हणजे २ गुणिले २ गुणिले ३, इथं २ दोनदा आला. ३० म्हणजे २, ३, ५, तीन वेगवेगळे. ६ म्हणजे २ आणि ३, दोन वेगवेगळे. अवयव दोनदा आला तर एक वाट, वेगवेगळे पण विषम संख्येनं असले तर दुसरी, सम संख्येनं असले तर तिसरी. जमिनीवर आखलेल्या वाटांवरून पोरं धावतात. यामागचं गणित विद्यापीठात शिकवतात, पण खेळणाऱ्या पोराला त्याची भीती वाटत नाही, कारण त्याच्यापुढं पळणारा दादा त्याच्याच गल्लीतला असतो.

मोझेसची शिकवायची रीतही सांगतो. मुलांना आगगाडीत बसवायचं. बोस्टनला रेड लाइन, आपल्याकडं हार्बर लाइन. उतरल्यावर प्रवासाचं चित्र काढायचं. मग आपल्या बोलीत त्यावर बोलायचं. मग त्या बोलण्यातून मोजण्यासारखं काय आहे ते निवडायचं. चिन्हं सगळ्यात शेवटी.

बघा, कुर्ला शून्य धरा. टिळकनगर १, चेंबूर २, गोवंडी ३. उलट्या अंगाला चुनाभट्टी उणे १, जीटीबीनगर उणे २, वडाळा उणे ३. आता पोराला विचारा, वडाळ्याला चढलास आणि गोवंडीला उतरलास, किती स्टेशनं गेलास? ते बोटं मोजून सांगेल, सहा. मग फळ्यावर लिहा, ३ वजा उणे ३ बरोबर ६. उणेतून उणे गेलं की अधिक का होतं, हे आता घोकायचं कारण उरलं नाही. दरवाजाला लटकून त्यानं ते गणित हजारदा केलंय. त्याला फक्त कुणी सांगितलं नव्हतं की हे गणित आहे.

आणि यात बोलीची जागा बघा. आपलं पोर तोंड उघडतं तेव्हा शाळा पहिल्यांदा त्याची भाषा सुधारायला बसते. 'न'चा 'ण' करण्यात तास जातो, आणि पोर गप होतं ते कायमचं. गप झालेल्या पोराला गणित येत नाही, कारण त्याला प्रश्नच विचारता येत नाही. आपल्या कवींनी, लेखकांनी बोली कागदावर आणली, प्रस्थापितांचं व्याकरण मोडलं. ती बोली अजून गणिताच्या वर्गात शिरलेली नाही.

ही काही अमेरिकेतून आयात केलेली अक्कल नाही. १८८२ साली, म्हणजे अल्जिब्रा प्रोजेक्टच्या बरोबर शंभर वर्षं आधी, जोतिराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं. त्यात त्यांनी मागितलं की प्राथमिक शाळांचे शिक्षक शेतकरी-कष्टकऱ्यांतून तयार करा, कारण ते मुलांत मिसळतील. सोवळं पाळून लांब बसणाऱ्या ब्राह्मण मास्तराला या मुलांची गरज कळणार नाही. आणि अभ्यासक्रमात काय हवं, तर वाचन, लेखन यांच्या जोडीनं हिशेब. त्याआधी १८५५ सालीच जोतिराव-सावित्रीबाईंनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवसा राबणाऱ्याला रात्री शिकवणं हे आपल्या घरातलं काम आहे.

आता आजचं बोलू. २०२४ साली महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रमाच्या आराखड्यात एक सूचना आली. दहावीला गणित-विज्ञानात ३५ गुण नसले, २० असले, तरी पोराला अकरावीत जाऊ द्यायचं. पण गुणपत्रिकेवर शेरा, की पुढं गणित-विज्ञान घेता येणार नाही. वरून दया, आतून टाळं. नापास होऊन पोर शाळा सोडतं हे खरं आहे आणि ते थांबलंच पाहिजे. पण शेरा कुणाच्या कपाळी बसणार? ज्याच्या बापाकडं क्लासची फी आहे त्याच्या? आठ वर्षं धड शिकवायचं नाही आणि दहाव्या वर्षी म्हणायचं, याला गणित झेपत नाही. ग्रीनवूडच्या खटल्यातल्या न्यायाधीशाचा प्रश्न मराठीत आला, इतकंच.

म्हणून मी म्हणतो, वस्तीतल्या विहारात, समाजमंदिरात, जिन्याखालच्या खोलीत संध्याकाळी दोन तास गणिताचा वर्ग भरला पाहिजे आणि तिथं शिकवायला आपल्यातली पोरं उभी राहिली पाहिजेत. पण दोन धोके सांगून ठेवतो. एक, यामुळं सरकारची सुटका होता कामा नये. शाळेत गणिताचा मास्तर नसेल तर वर्गही घ्यायचा आणि वॉर्ड ऑफिसवर मोर्चाही न्यायचा. मोझेसनं शाळेबाहेर काम केलं, पण शाळा सोडून दिली नाही. दुसरा, आपणच गणिताचे भटजी होऊ नये. दोन परीक्षा पास झालेला आपला पोरगा फळ्यापाशी उभा राहिला की त्याच्या आवाजात तोच जुना मास्तर बोलायला लागतो. 'एवढं सोपं कळत नाही?' हे वाक्य ज्याच्या तोंडून निघेल, त्याच्या हातातला खडू काढून घ्या.

शिकवणाऱ्यांनो, तुम्हाला एवढंच सांगतो. खडू पोराच्या हातात द्या, आपल्या हातात कमी ठेवा. उत्तर चुकलं तर विचारा, कसं काढलंस? चुकीतसुद्धा डोकं चाललेलं असतं, ते शोधा. पोरींना मागच्या रांगेतून पुढं आणा. भांडी घासायची म्हणून पोरगी येत नसेल तर तिच्या घरी जा आणि तिच्या आईशी बोला, बापाशीही बोला. आणि आठवीच्या पोराला पाचवीच्या पोरासमोर उभं करा. शिकलेलं पक्कं होतं ते शिकवताना, आणि उद्या तुम्ही नसलात तरी वर्ग चालेल. पुढाऱ्यावाचून चालणारं काम हेच खरं काम, हे आपल्या चळवळीला फुटीच्या इतक्या अनुभवांनंतर तरी कळायला हवं.

बॉब मोझेस २०२१ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी गेला. अमेरिकेतला वर्णद्वेष काही त्याच्या बीजगणितानं संपला नाही. पण ज्या पोरांना ढ म्हणून मागं बसवलं होतं, ती दुसऱ्या पोरांची मास्तर झाली.

आपल्याकडं फळा आहे, पोरं आहेत. सभा संपल्यावर त्या कोपऱ्यात वही ठेवलीय. कुठल्या वस्तीत, कुठल्या वारी, कोण उभं राहणार ते लिहा. टाळ्या नंतर वाजवू.

जय भीम.