खोदल्यावर खडक काय करतो?

विहीर खणणे म्हणजे दगड बाहेर काढणे, अशी आपली समजूत असते. पण त्या दगडाबरोबर शेजारच्या दगडाचा आधारही आपण काढून घेतो, हे सहसा ध्यानात येत नाही.

या झरीच्या आसपास वर काळी माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा निवताना आकसला आणि त्याला भेगा पडल्या. असा घट्ट पाषाण घनमीटरला अडीच टनांहून अधिक भरतो. त्याचा दहा मीटरांचा थर म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर 25 टनांहून जास्त ओझे झाले! जमीन अखंड असते तोवर चहूकडचा दाब भेगा मिटवून धरतो. आपण खड्डा केला की एका बाजूचा दाब जातो. ओझे मात्र नाहीसे होत नाही. ते पोकळीला वळसा घालते. मोकळी झालेली कड आत किंचित सरते, भेगा उघडतात आणि त्यांत पाणी शिरते. काल घट्ट वाटलेला दगड आज पहारीने हलतो, त्याचे एक कारण हे. सुरुंगाचा हादरा हे दुसरे.

गोल विहिरीत हे ओझे कमानीसारखे वाटले जाते. चौकोनी विहिरीच्या सपाट भिंतीला ती सोय नाही. कोयनेचे पोफळी येथील वीजगृह सह्याद्रीच्या पोटात आहे. एवढे दालन कोरायचे तर छताचे ओझे कोठे वळवायचे, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी तर तीन किलोमीटरांहून खोल गेल्या होत्या. तिथे दाबलेला खडक मोकळा होताना स्फोटासारखा फुटे आणि माणसे दगावत. त्या खाणी 2001 साली बंद झाल्या.

आपल्या विहिरीत असे स्फोट होत नाहीत. तिथे घात करतो तो वरचा मुरूम. काढलेला दगड काठावरच रचला, की सुटलेल्या कडेवर आपणच नवे ओझे घालतो. पावसाळ्यात पंपाने विहीर झटपट उपसली, तर भिंतीमागचे पाणी तसेच राहते आणि ते आतून रेटा देते. आमच्या मते, खाली उतरण्याआधी काठ पाहण्यात घालवलेला पाव तास वाया जात नाही. तडा दिसला तर त्यावर आडवा चुन्याचा पट्टा ओढून ठेवावा. पट्टा तुटला, तर त्या दिवशी कोणालाही खाली उतरवू नये.