डायलिसिसच्या वेळी रक्तदाब उतरू नये म्हणून



वैशाखातली विहीर डोळ्यांपुढे आणा. झरे जिवंत आहेत. पण मोटार लावली आणि ओढ इतकी जबर, की घटकाभरात तळ उघडा पडला. विहीर आटली का? नाही. झऱ्यांना भरायला अवधी मिळाला नाही, एवढंच. डायलिसिस चालू असताना रोग्याचा रक्तदाब एकाएकी उतरतो, त्याचं मुख्य कारण हेच आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात आणि शहरातल्या इतर रुग्णालयांतून कन्नड, सिल्लोड, पैठण, वैजापूरकडची माणसं डायलिसिससाठी येतात. आठवड्यातून दोन-तीन खेपा, दर खेपेला सुमारे चार तास. १९४३ साली हॉलंडमध्ये डॉ. विलेम कोल्फ यांनी कृत्रिम मूत्रपिंड माणसासाठी वापरलं. आपल्याकडे २०१६ साली केंद्र सरकारनं राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला आणि जिल्हा रुग्णालयांतून गरिबांची मोफत सोय होऊ लागली. यंत्र जवळ आलं. पण ते सुखानं सोसवावं, याची निम्मी तयारी घरीच करावी लागते.

हे यंत्र रक्तातली घाण गाळतं आणि अंगात साचलेलं पाणी काढतं. पाणी निघतं ते रक्तातून. ती आपली विहीर. पायांची सूज, अंगात मुरलेलं पाणी, हे झरे. ते पाझरून रक्तात यायला वेळ लागतो. उपसा पाझरापेक्षा जास्त झाला, की जांभया येतात, घाम फुटतो, मळमळतं, पोटऱ्यांत गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. असं वारंवार झालं तर हृदयाला इजा पोचते आणि हातावरचा फिश्चुला गोठून बंद पडू शकतो.

आता थोडा हिशेब करू. अंगात जादा पाणी नसतानाचं जे वजन, त्याला डॉक्टर ‘कोरडं वजन’ म्हणतात. समजा ते ५० किलो आहे. दर किलोमागे तासाला १३ मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी शक्यतो काढू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे तासाला ६५० मिलिलिटर आणि चार तासांत २ लिटर ६००. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. माणूस दोन किलो वाढून आला तर काम सुरळीत होतं. चार किलो वाढून आला, तर तासाला लिटरभर उपसा करावा लागेल! त्यातच तो म्हणाला, “शेवटची एस.टी. चुकेल, अर्धा तास आधी सोडा,” तर उपसा आणखी वाढतो. म्हणून वेळ कमी करून मागू नका. वजन जास्त वाढलं असेल तर वेळ वाढवून मिळेल का, किंवा जादा खेप घेता येईल का, ते विचारा.

वजन वाढतं कशानं? तुम्ही म्हणाल, पाण्यानं. पण पाणी मागतं कोण? मीठ! लोणचं, पापड, खारे दाणे, फरसाण, मिठाचा ठेचा खाल्ला, की घसा कोरडा पडतो आणि तांब्या रिकामा होतो. दिवसभराचं सगळं मिळून मीठ चमचाभराच्या आत ठेवा. सैंधव हेही मीठच. ‘कमी सोडियम’चं मीठ तर आणूच नका; त्यातलं पोटॅशियम या रोग्याला घातक ठरतं. चहा, दूध, ताक, आमटी, बर्फ, सगळं पाण्याच्या हिशेबात धरा. दिवसाला किती प्यायचं हे डॉक्टर लघवीच्या प्रमाणावरून सांगतात. तेवढं सकाळीच मोजून एका भांड्यात भरून ठेवावं. तहान लागली तर चूळ भरून टाकावी.

आणखी चार गोष्टी. रक्तदाबाच्या गोळ्या डायलिसिसच्या दिवशी केव्हा घ्यायच्या, हे डॉक्टरांना विचारा. आपल्या मनानं बंद करू नका. यंत्रावर असताना पोटभर जेवू नका, कारण रक्त पोटाकडे वळतं. घरून निघण्यापूर्वी हलकं खा. भूक सुधारून अंगी मांस चढलं, तर कोरडं वजन नव्यानं ठरवून घ्या. नाहीतर नसलेलं पाणी काढलं जाईल. द्रावण किंचित थंड ठेवल्यानंही पुष्कळांना आराम पडतो. डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.

पहिली जांभई, पहिला घाम येताच परिचारिकेला हाक मारा. संकोच करू नका. ती पाणी काढणं थांबवील, पाय उंच करील, लागलं तर सलाईन देईल. संपल्यावर झटकन उठू नका. थोडं बसा, रक्तदाब मोजून घ्या, मगच पायऱ्या उतरा. मोटारसायकल चालवत घरी जाऊ नका.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. गावात असा रोगी असेल तर शाळेतल्या वजनकाट्यावर त्याचं वजन करू द्या. तारीख, वजन आणि प्यालेलं पाणी एका वहीत लिहायला घरच्या मुलाला शिकवा. ती वही डॉक्टरांपुढे गेली, की पुष्कळ प्रश्न न विचारता सुटतील.

विहिरीचा उपसा झऱ्यांच्या बेतानं करावा, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. तोच बेत आपल्या घरच्या माणसासाठी सांभाळा.